उंबरा एकच, चूल वेगळी: अशा वेळी सरकारी मदत कशी मागायची?

पत्राचा सारांश

वय ३६. तालुक्यापासून आठ किलोमीटरवरच्या गावात सासरी राहते. नवरा एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ड्रायव्हर आहे. गेल्या दिवाळीपासून त्याने बोलणं बंद केलं आणि घरखर्चाला पैसे देणंही. तो आणि सासूबाई आतल्या खोलीत, तर मी नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा घेऊन पडवीत. स्वयंपाकही तिथेच वेगळा. घर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर आहे. माहेरी जागा नाही. ब्लाऊज शिवून महिन्याला जेमतेम दीड हजार मिळतात. रेशनचं धान्य नवरा उचलतो. लाडकी बहीणचा हप्ता बंद झाला, कारण ई-केवायसीला त्याच्या आधारवरचा ओटीपी लागतो आणि तो देत नाही. म्हणतो, 'पाचशेच्या बाँडवर लिहून दे की राजीखुशीने वेगळे राहतो, घरावर हक्क नाही, मग आधार देतो.' तहसीलजवळचा एजंट म्हणतो, 'नवरा परागंदा आहे असं लिहून दे, निराधारचं काम करून देतो, तीन हजार लागतील.' मला कोर्टात जायचं नाही, मुलीच्या लग्नाचं पुढे बघावं लागेल. एकाच घरात राहून 'वेगळी झाले' असं म्हणता तरी येतं का?

उत्तर

ताई, आधी त्या बाँडचं बोलू. त्यावर सही करू नका. आज नाही, उद्या नाही, सासूबाई रडल्या तरी नाही आणि चार माणसं बसवून समजूत घातली तरी नाही.

कारण सांगते. बायको-मुलांच्या पोटगीची तरतूद पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ मध्ये आहे. त्याच कलमात पुढे लिहिलंय की नवरा-बायको परस्पर संमतीने वेगळे राहत असतील, तर बायकोला या कलमाखाली पोटगी मिळत नाही. तुमच्या नवऱ्याला हे कुणीतरी सांगितलेलं दिसतं, कारण त्याच्या मसुद्यातला 'राजीखुशीने' हा एक शब्द नेमका तेवढंच काम करतो. त्याने पैसे बंद केले म्हणून तुम्ही पडवीत आलात, ही हकिकत त्या शब्दाने पुसली जाते आणि तिथे तुमची संमती येऊन बसते. बदल्यात मिळणार काय, तर एक ओटीपी.

अशा कागदाने घटस्फोटही होत नाही. नोटरीचा शिक्का असला, पाच पंचांच्या सह्या असल्या तरी नाही. एखाद्या समाजात रूढीने काडीमोड चालत आलेली असेल तर कायदा ती मानतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. म्हणजे तो कागद तुम्हाला मोकळं करत नाही, फक्त हात बांधतो. सही आधीच केली असेल अशा वाचक भगिनींनी मात्र धीर सोडू नये. मुलांची पोटगी आईच्या सहीने बुडत नाही, आणि सही कोणत्या दबावाखाली झाली हे कोर्टाला सांगता येतं. त्या कागदाची एक प्रत मिळवून वकिलाला दाखवा.

आता तुमचा खरा प्रश्न. एकाच घरात राहून वेगळं म्हणता येतं का? येतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये सुरेश्ता देवी विरुद्ध ओमप्रकाश या खटल्यात हे स्पष्ट केलंय. 'वेगळं राहणं' म्हणजे पत्ता वेगळा असणं नव्हे, नवरा-बायको म्हणून न नांदणं. परिस्थितीमुळे दोघं एकाच छपराखाली असतील आणि तरी ती नवरा-बायको म्हणून राहत नसतील. तो निकाल परस्पर संमतीच्या घटस्फोटाबद्दल होता, पण तुमच्या मनातला पेच त्याने सुटतो. आपल्याकडे 'चूल वेगळी झाली' म्हणतात त्यात हेच तर आहे.

पण 'वेगळं होणं' ही सरकारदरबारी एकच गोष्ट नाही. प्रत्येक खिडकीवर वेगळा प्रश्न विचारतात. रेशनवाले विचारतात, चूल कुणाची? निराधारवाले विचारतात, कोर्टाचा कागद कुठाय? लाडकी बहीणचं संकेतस्थळ विचारतं, नवऱ्याचा आधार क्रमांक काय? आणि कोर्ट विचारतं, नवरा सांभाळतो का? एका खिडकीचं उत्तर दुसरीवर देऊन चालत नाही. बहुतेक बायकांचे अर्ज इथेच अडकतात आणि एजंटचं दुकान इथेच चालतं.

त्या एजंटचं सांगायचं तर 'परागंदा' म्हणजे बेपत्ता. तुमचा नवरा रोज संध्याकाळी अंगणात गाडी लावतो, हे गल्लीतल्या पोरालाही माहीत आहे. निराधारच्या अर्जाची गावात चौकशी होते. एक तक्रार गेली की अर्ज फेटाळला जाईल, घेतलेले पैसे परत मागतील, आणि खोटं प्रतिज्ञापत्र दिल्याचा गुन्हा तुमच्यावर येईल, एजंटवर नाही. त्याहून वाईट म्हणजे पुढे पोटगीच्या दाव्यात नवऱ्याचा वकील तेच प्रतिज्ञापत्र काढून म्हणेल, 'बाई खोटं बोलते.' खरी हकिकत तुमच्या बाजूची आहे, तर खोटं लिहायचं कशाला? अर्जाला तीन हजारही लागत नाहीत. तहसीलच्या संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत किंवा सेतू केंद्रात अर्ज स्वतः देता येतो. अर्ज दिला की पोच घ्या, तारखेसह.

निराधार योजनेत जुलै २०२३ पासून महिना १,५०० रुपये मिळतात. अट आहे वर्षाला कुटुंबाचं उत्पन्न २१,००० पर्यंत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव, शिवाय राज्यात १५ वर्षं वास्तव्य. तुमची शिलाईची कमाई वर्षाला १८,००० म्हणजे एकटीच्या हिशेबात बसते. अडचण अशी की कायद्याने वेगळं झाल्याचा पुरावा नसेल तोवर 'कुटुंब' म्हटलं की नवऱ्याचा पगार धरला जातो, आणि मग उत्पन्नाचा दाखला निघतच नाही. योजनेत बसतात त्या घटस्फोट झालेल्या पण पोटगी न मिळालेल्या किंवा अगदी कमी मिळणाऱ्या, आणि घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या बायका. 'प्रक्रियेतल्या' याचा पुरावा म्हणजे कायदेशीर विभक्त होण्यासाठी कोर्टात केलेल्या अर्जाचे कागद. नुसता पोटगीचा दावा त्याला पुरेल असं धरून चालू नका. तुमच्या तहसीलच्या शाखेत जाऊन विचारा, आणि नाही म्हणाले तर लेखी मागा.

म्हणजे निराधारचा रस्ता आज तुमच्यासाठी अर्धाच उघडा आहे. तो पूर्ण उघडायचा तर घटस्फोटाचा किंवा न्यायिक विभक्ततेचा अर्ज करावा लागेल. न्यायिक विभक्तता हा शब्द फार बायकांनी ऐकलेला नसतो. हिंदू विवाह कायद्यात (बौद्ध, जैन, शीखही त्यात येतात) ही सोय आहे. लग्न मोडत नाही, मंगळसूत्र आणि नाव तसंच राहतं, पण एकत्र नांदण्याची सक्ती उरत नाही. पुढे मन वळलं तर परतही येता येतं. घटस्फोट नको आणि कागद मात्र हवा, अशा बाईने वकिलाला हे नाव घेऊन विचारावं.

तुम्ही लिहिलंत, कोर्टात जायचं नाही. ते समजतं. पण 'कोर्ट' म्हणताना तुमच्या मनात घटस्फोट आहे, आणि पोटगीचा अर्ज म्हणजे घटस्फोट नव्हे. त्यात फक्त एवढं मागायचं असतं की नवरा कमावतो, सांभाळत नाही, त्याला सांभाळायला सांगा. त्यासाठी घर सोडावं लागत नाही, कारण कायद्याची अट 'वेगळं राहणं' ही नाही, 'सांभाळायला टाळणं किंवा नकार देणं' ही आहे. मुलीच्या लग्नाची काळजी आहे ना? ती आज नववीत आहे. दहावीची फी, वह्या, एसटीचा पास कुणी भरायचा, हा प्रश्न लग्नाच्या पाच-सात वर्षं आधी दारात उभा आहे. आईने पोरांसाठी पोटगी मागितली म्हणून मोडणारी सोयरीक जुळवण्यासारखी होती का, याचाही विचार करा. आणि कोर्टाला टाळून तुम्ही जे वाचवताय, ते पडवीत कितपत वाचलंय, हे तुम्हालाच जास्त ठाऊक.

अर्ज तुम्ही राहता तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होतो. मोठ्या शहरात कुटुंब न्यायालय असतं, तिथे तो तिकडे जातो. वकिलाची फी लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने स्त्रीला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात तालुका विधी सेवा समिती असते, तिथे साधा अर्ज करायचा. पोटगी, घटस्फोट, छळ अशा दाव्यांत महाराष्ट्रात स्त्रियांना कोर्ट फीही माफ आहे.

अर्जात अंतरिम पोटगी, म्हणजे अंतिम निकाल लागेपर्यंतची पोटगी, वेगळी मागायला विसरू नका. नवऱ्याला नोटीस लागल्यापासून शक्यतो ६० दिवसांत तिचा निकाल द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हे खरं. पण रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालामुळे पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते, म्हणून उशीर झाला तरी बाकी साठत जाते. अर्ज आज केला की आजपासून, दिवाळीनंतर केला की दिवाळीनंतरपासून. त्याच निकालाने दोघांनाही मिळकत आणि देण्याचं प्रतिज्ञापत्र देणं बंधनकारक झालंय, तेव्हा 'मला पगारच नाही' असं नुसतं तोंडी सांगून त्याला सुटता येणार नाही. तुम्ही फक्त ट्रान्सपोर्ट मालकाचं नाव, गाडीचा नंबर आणि पगार रोख की खात्यात, एवढं लिहून ठेवा. आदेश झाला आणि त्याने पैसे थकवले, तर वसुलीचा अर्ज थकल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा. 'देईल, देईल' म्हणत दीड वर्ष थांबलेल्या बायकांची जुनी थकबाकी इथे हातची जाते.

घरातून काढण्याची भीती असेल, तर दुसरा कायदा कामाला येतो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात पैसे बंद करणं, घरातलं धान्य वापरू न देणं हाही छळच आहे. त्याला आर्थिक छळ म्हणतात, मार खाल्लेला असावा लागत नाही. घर कुणाच्याही नावावर असो, जिथे तुम्ही सून म्हणून नांदलात तिथे राहण्याचा हक्क तुम्हाला आहे. घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असलं तरी ते 'सामाईक घर' ठरू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये सांगितलं. या कायद्याचा अर्ज संरक्षण अधिकाऱ्यांमार्फत करता येतो. ते महिला व बालविकास विभागाचे असतात, तालुक्याचे कोण आहेत हे अंगणवाडी सेविका सांगेल. पोटगी आणि घरातून न काढण्याचा आदेश या एकाच अर्जात मागता येतात. तुमच्यासारख्या परिस्थितीत मी हाच अर्ज आधी करायला सांगेन, कारण त्यात पडवी शाबूत राहते आणि घरखर्चाचा प्रश्नही सुटतो.

याच अर्जाचा कागद लाडकी बहीणलाही उपयोगी पडू शकतो. या योजनेच्या मूळ नियमात विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता (नवऱ्याने टाकलेल्या), निराधार सगळ्या बसतात. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी आली आणि नवऱ्याचं किंवा वडिलांचं आधार मागू लागली. ज्यांना दोन्ही नाहीत त्यांनी मृत्यूचा दाखला, घटस्फोटाचा कागद किंवा कोर्टाचा आदेश यांची प्रत अंगणवाडी सेविकेकडे द्यायची, अशी सोय नंतर झाली. नवरा जिवंत, घटस्फोट नाही आणि आधार देत नाही, अशी बाई या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते. हा तुमचा दोष नाही, हे नियम करणाऱ्यांचं राहून गेलेलं काम आहे. कोर्टाचा आदेश हातात येईपर्यंत अंगणवाडी सेविकेकडे आणि तालुक्याच्या महिला व बालविकास कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या, म्हणजे 'तुम्ही केवायसी केलीच नाही' असं कुणाला म्हणता येणार नाही. वडिलांचं नाव घालून, स्वतःला अविवाहित दाखवून केवायसी करण्याचा सल्ला कुणी देईल, तो ऐकू नका. आणि निराधार व लाडकी बहीण हे दोन्ही दीड-दीड हजार एकत्र मिळत नाहीत. दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० किंवा जास्त घेणारी बाई लाडकी बहीणमध्ये बसत नाही.

ज्या मदतीचं नावही तुमच्या पत्रात नाही, ती मला जास्त मोलाची वाटते. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. एक पालक असलेल्या, आई-वडील विभक्त किंवा घटस्फोटित असलेल्या मुलांसाठी ती आहे. दर मुलामागे महिना २,२५० रुपये, १८ वर्षांपर्यंत. तुमच्या दोघांचे मिळून ४,५०० होतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयाकडे करायचा, मंजुरी बाल कल्याण समिती देते. हप्ते उशिरा आणि एकत्र येतात, तेव्हा त्यावर महिन्याचा किराणा बांधू नका. त्याआधी गृहचौकशी होते, म्हणजे माणूस घरी येऊन बघतो. तिथे बाप त्याच घरात दिसणार. लपवू नका. पडवी दाखवा, वेगळी शेगडी दाखवा, शाळेच्या पावत्या दाखवा, आणि कोर्टातल्या अर्जाची प्रत हातात द्या. 'वडील घरात आहेत, मुलांचा खर्च आई करते' हेच वाक्य अहवालात जायला हवं.

आता रेशन. कार्ड फोडण्याआधी ते कोणतं आहे ते बघा. अंत्योदय असेल तर माणसं कितीही असोत, कार्डाला ३५ किलो मिळतात. फोडल्यावर तुम्हाला नवं अंत्योदय मिळेलच असं नाही. प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी ५ किलो, म्हणजे तुमच्या तिघांचे १५ किलो नवरा उचलतोय. विभक्त कार्डासाठी जुन्यातून नावं कमी करून मग नवं कार्ड होतं, आणि नवं कार्ड प्राधान्य यादीत बसणं तालुक्याच्या इष्टांकावर, म्हणजे ठरवून दिलेल्या लाभार्थ्यांच्या संख्येवर, अवलंबून असतं. जुन्यातून नाव गेलं आणि नव्यात धान्य सुरू झालं नाही, अशा अधांतरी महिनोन्महिने राहिलेली घरं पुष्कळ आहेत. म्हणून नाव कमी करण्याचा अर्ज देण्याआधी पुरवठा शाखेत विचारा, 'इष्टांकात जागा आहे का?' नसेल तर घाई करू नका. तोवर महिन्याच्या सुरुवातीला तुम्हीच दुकानात जा. कार्डावरच्या कुणाही सदस्याच्या अंगठ्यावर धान्य मिळतं, त्यासाठी तुमची आणि मुलांची रेशनची ई-केवायसी झालेली हवी. आधी पोचेल त्याला धान्य, एवढं साधं गणित आहे. तुमचा वाटा तेवढा वेगळा द्यायला दुकानदाराला सांगा, म्हणजे भांडणही नको.

वेगळ्या चुलीचा पुरावा साठवायला लागा. पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. भाव बाजारातला असतो, पण पावती तुमच्या नावाची येते. किराणा दुकानातली उधारी तुमच्या नावाच्या वेगळ्या वहीत लिहून घ्या. शाळेची फी तुमच्या हाताने भरा. आणि एक शंभर पानी वही करा. तारीख टाकून दोन ओळी, त्या दिवशीच. 'पोराला ताप, दवाखाना १८०, मी दिले. मागितले, नाही म्हणाला.' चार महिन्यांची अशी वही कोर्टात मोठ्या भाषणापेक्षा जास्त बोलते. नवऱ्याचे मेसेज पुसू नका. 'बाँडवर सही कर, मग आधार देतो' असा मेसेज असेल तर तो सोन्याच्या मोलाचा आहे. त्याची प्रत भावाच्या फोनवरही ठेवा.

बँकेचं एक काम कोर्टाआधी करा. सरकारी पैसे आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. पुष्कळ बायकांचं ते खातं नवऱ्यासोबतचं जोडखातं असतं किंवा मोबाईल नंबर त्याचा असतो. अर्ज मंजूर होतो आणि पैसे तो काढतो. पोस्टात किंवा बँकेत एकटीच्या नावाने खातं उघडा, आधार त्याला जोडा, आधार केंद्रावर जाऊन मोबाईल नंबरही स्वतःचा करून घ्या. एटीएम कार्ड आणि पासबुक पडवीतल्या पेटीत नको, माहेरी किंवा विश्वासाच्या शेजारणीकडे ठेवा.

पैसे सुरू झाल्यावर परिस्थिती बदलली, नवरा पुन्हा घरखर्च देऊ लागला, पोटगी सुरू झाली किंवा तुम्ही परत एकत्र नांदू लागलात, तर तहसीलच्या संजय गांधी शाखेला लेखी कळवा. निराधारला दर वर्षी हयातीचा दाखलाही लागतो, तेव्हा सांगितलं तरी चालेल असं समजून थांबू नका.

तालुक्याला जाल तेव्हा पिशवीत हे असू द्या: लग्नाची पत्रिका किंवा फोटो, तुमचं आणि मुलांचं आधार, मुलांचे जन्मदाखले, रेशनकार्डाची झेरॉक्स, शाळेच्या पावत्या, ती वही, आणि बाँडचा सही न केलेला मसुदा त्याने दिला असेल तर तोही. आधी विधी सेवा समिती, मग संरक्षण अधिकारी, मग बालसंगोपनाची चौकशी, या क्रमाने. कोर्ट सुट्टीवर असेल किंवा कुठे जायचं कळलं नाही तर १५१०० वर फोन करा, तो विधी सेवेचा मोफत नंबर आहे. आणि एखाद्या रात्री घरातून बाहेर काढायला लागले तर १८१ किंवा ११२ फिरवा, मुलांना घेऊन उंबऱ्याच्या आतच थांबा.